भिंतीकडची बाजू

हातनकाकांचं नाव शाळेच्या पोरांनी ठेवलेलं. ते शहरातल्या वस्तुसंग्रहालयात पहारेकरी होते, आणि सगळ्या नोकरीत त्यांनी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य होतं, ‘हात लावू नका.’ सहलीला आलेली पोरं परत जाताना ‘हात-नका काका, टाटा!’ म्हणून ओरडायची. बोलता बोलता त्यातला एक ‘का’ कुठेतरी गळून पडला आणि उरलं हातनकाका. ते नाव दालनातून कचेरीत गेलं, कचेरीतून घरी आलं, आणि शेवटी तर दूधवालाही दारातून तीच हाक मारायला लागला.

त्यांचं दालन इमारतीच्या पार टोकाला होतं. इराण, तुर्कस्तान अशा मुलखांतून आलेली, इस्लामी कारागिरांनी शेकडो वर्षांपूर्वी घडवलेली मातीची भांडी तिथे भिंतीला टेकवलेल्या काचेच्या कपाटांत मांडलेली होती. कपाटांसमोर एक खुर्ची होती आणि खुर्चीत हातनकाका. गर्दी अशी नसेच. लोक यायचे, ‘मडकीच आहेत’ म्हणायचे आणि शेजारच्या दालनातल्या तलवारी बघायला पळायचे. हातनकाकांना त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट बरंच वाटायचं. मग दालनात ते आणि त्यांची तीन लाडकी भांडी एवढेच उरत.

पहिली होती निळ्या फुलांची सुरई. तिच्यावरची फुलं इतकी टवटवीत की कालच कुणी पाणी घातलं असावं. दुसरा फिरोजी रंगाचा एक बुटका गडू. त्यावर काळ्या रेघांनी काढलेला एकच मासा होता, आणि त्याचा चेहरा भाडं थकलेल्या भाडेकरूसारखा. तिसरी पांढरी बरणी. तिच्या पोटाभोवती काळी अक्षरं, उंच, सडपातळ, रांगेत उभ्या राहिलेल्या सभ्य गृहस्थांसारखी. ती अक्षरं काकांना वाचता येत नव्हती, पण त्यातल्या प्रत्येकाची उंची त्यांना पाठ होती.

मग एक दिवस नोकरी संपली. हार घातला, भाषणं झाली, आणि हातनकाका घरी येऊन बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. स्वयंपाकघरात एक खुर्ची टाकली आणि फडताळासमोर पहारा सुरू केला. डब्यांची तोंडं एका रेषेत आणली. दोन डब्यांमध्ये सारखं अंतर ठेवलं. शेजारीण चहाला आली आणि तिने बिस्किटांच्या बरणीकडे हात नेला, तशी खुर्चीतून आवाज आला, “हात लावू नका.”

शेजारणीचा हात तिथल्या तिथे गोठला.

“अहो!” बायकोने डोक्याला हात लावला. “ती माझी बिस्किटांची बरणी आहे, कुठल्या बादशहाची नव्हे. घेऊ द्या की त्यांना!”

काकांची बायको गाडी चालवायला शिकवायची. तिची स्वतःची छोटी शाळा होती, आणि शिकवायच्या गाडीत तिच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता. भल्याभल्या घाबरट शिकाऊंना तिने हसतखेळत रस्त्यावर आणलं होतं. पण या माणसाचा ब्रेक कुठे आहे ते तिला सापडेना. महिनाभर तिने कळ काढली. मग एका सकाळी नवऱ्याला गाडीत बसवलं आणि थेट आपल्या धाकट्या बहिणीच्या कारखान्यासमोर नेऊन उतरवलं.

“हे घे,” ती बहिणीला म्हणाली, “संध्याकाळी घेऊन जाईन.”

“ताई, अगं, हे काय पार्सल आहे का?” बहीण म्हणेपर्यंत गाडी वळणावरून दिसेनाशी झाली होती.

मेव्हणीचा कारखाना म्हणजे पूर्वी सायकली दुरुस्त व्हायच्या तो गाळा. आता तिथे दोन चाकं होती कुंभारकामाची, एक विजेची भट्टी होती, आणि फळ्यांवर वाळत ठेवलेल्या कुंड्या, ताटल्या, कप. हातनकाका आत शिरले ते हात पाठीमागे बांधूनच. सगळा गाळा त्यांनी तसाच फिरून पाहिला. एका कच्च्या कपाशी थांबले, वाकले, मान तिरकी केली आणि मागे सरकले.

“भावोजी, हातात घेऊन बघा की.”

“नको. राहू दे.”

“अहो, कच्चा आहे. मोडला तर परत मळीन.”

काकांचे हात काही पाठीमागून पुढे येईनात. शेवटी मेव्हणीने चिकणमातीचा एक गोळा उचलला आणि “झेला!” म्हणून सरळ त्यांच्या छातीवर फेकला. तो झेलायला हात पुढे आलेच. गार, ओला, जड गोळा. काकांनी तो दोन्ही हातांत धरला आणि उभेच राहिले. अंगठा जरासा दाबला, तर मातीने मुकाट्याने अंगठ्याचा आकार घेतला. त्यांनी चटकन इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत तर नाही ना!

त्या दिवसापासून त्यांना कारखान्यात सोडायला जावं लागलं नाही. घरी आणायलाच जावं लागायचं.

पहिले कप भयंकर झाले. एक बसका, एक कलता, एकाचं तोंड असं वाकडं की कुणीतरी त्याला कडू औषध पाजलेलं असावं. मेव्हणी खोकल्याचं निमित्त करून दोनदा बाहेर जाऊन आली. पण हळूहळू हात बसला. आणि मग एक दिवस, कप वाळल्यावर, काकांनी तिच्याकडे कुंचला मागितला.

ती दुपारभर भट्टीत कुंड्या भरण्यात गुंतली होती. परत येऊन बघते तो काय, फळीवर तीन कप. एकावर निळी फुलं, देठांसकट, पाकळीच्या टोकाच्या मुरडीसकट. दुसऱ्यावर काळ्या रेघांतला चिंताग्रस्त मासा, त्यावर आता फक्त फिरोजी झिलई चढवायची बाकी. तिसऱ्यावर ती उंच सडपातळ अक्षरं. समोर चित्र नाही, कागद नाही. नुसती आठवण.

“भावोजी!” मेव्हणीचे डोळे विस्फारले. “हे सगळं डोक्यात होतं तुमच्या? आणि मी तुम्हाला कुंड्यांना भोकं पाडायला लावत होते!”

तिने माशाचा कप अलगद उचलला, फिरवला आणि थांबली. मग फुलांचा फिरवला. मग अक्षरांचा.

“मागे काय?”

“मागे काय म्हणजे?”

“मागे काहीच नाहीये. फुलं इथे येऊन बंद. अक्षरं इथे बंद. मासा तर शेपटीपाशीच संपला.”

“मग बरोबर आहे,” हातनकाका म्हणाले. “मागची बाजू मला कुठे दिसायची? मागे भिंत होती.”

मेव्हणीने कप त्यांच्यापुढे धरला. “अहो, मग उरलेलं मनाने काढा. फुलंच तर आहेत. इकडे चार आहेत, तिकडे चार.”

“मनाने?” काकांच्या आवाजात पहारेकरी जागा झाला. “जे पाहिलं नाही ते काढायचं? आणि उद्या तिकडे तीनच निघाली तर?”

तिने समजावलं, चिडवलं, रुसून पाहिलं. काका हटेनात. कपाच्या कानावरूनही त्यांची अशीच हुज्जत झाली. मूळ भांड्यांना कान नव्हते, म्हणून यांनाही नकोत असं काकांचं म्हणणं. मेव्हणीने मग भट्टीतून निघालेल्या बिनकानाच्या कपात वाफाळती कॉफी ओतली आणि “घ्या” म्हणून पुढे केली. काकांनी घेतली, लगेच ठेवली, बोटांवर फुंकर मारली आणि म्हणाले, “पुढच्या कपांना कान लावू या.”

पण कान लावला तोही आपल्या पद्धतीने. उजव्या हाताने कप धरला की चित्र समोरच्याला दिसेल आणि पिणाऱ्याच्या वाट्याला कोरी बाजू येईल, असा. मेव्हणीने कारण विचारलं, तर म्हणाले, “बघायला येणाऱ्याला दिसलं पाहिजे. आपण काय, आपण घरचेच.”

गल्लीच्या तोंडाशी एक कॉफीवाला होता. चार टेबलांचं दुकान, आणि त्याची जीभ गिऱ्हाइकांपेक्षा जास्त चालायची. तो मेव्हणीकडे साधे पांढरे कप न्यायला आला आणि हे अर्धे कप बघून खिदळायलाच लागला. “हे द्या मला! अर्धं चित्र, अर्धी कॉफी, लोक वेडे होतील!”

लोक वेडे झाले की नाही ते सांगता येत नाही, पण भांडायला मात्र लागले. उजव्या हाताने पिणाऱ्यांना समोरच्याचा मासा दिसायचा आणि स्वतःचा दिसायचा नाही. डावखुऱ्यांचा आयुष्यात पहिल्यांदाच फायदा झाला. दोन मैत्रिणी तर मुद्दाम समोरासमोर बसून एकमेकींना आपापल्या कपांवरची फुलं दाखवायच्या आणि “तुझी छान, माझी छान” करत तासभर टेबल अडवून ठेवायच्या. कॉफीवाल्याने शेवटी त्यांना शेजारी शेजारी बसवलं.

खरी पंचाईत केली दातांच्या डॉक्टरने. त्याचा दवाखाना वरच्याच मजल्यावर. दोन रोग्यांच्या मध्ये तो खाली कॉफी प्यायला यायचा. त्याचे वडील जुन्या वळणाची अरबी अक्षरं काढण्यात तरबेज होते, म्हणून त्यालाही ती थोडीफार वाचता यायची. त्या दिवशी समोरच्या माणसाच्या हातात अक्षरांचा कप होता. डॉक्टरने डोळे बारीक केले.

“अरे, हलू नका,” तो म्हणाला, जणू समोरचा त्याच्या खुर्चीतच बसला आहे. “बरकत... आनंद... आरोग्य... आणि...”

“आणि?” कप धरलेला माणूस म्हणाला.

“आणि पुढे काही नाही. कप संपला.”

मग एकदम सगळे बोलायला लागले. भांड्याच्या मालकाला दिलेल्या शुभेच्छा होत्या, हे डॉक्टरने समजावलं. पण चौथी शुभेच्छा कोणती? एक आजी म्हणाल्या, “शाबूत गुडघे, दुसरं काय.” रिक्षावाल्याच्या मते ‘मोकळा रस्ता’. कॉफीवाला म्हणाला, “न बोलणारं गिऱ्हाईक,” आणि सगळे त्याच्याकडे बघून इतके हसले की तो आत निघून गेला.

हातनकाकांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहराच पडला. एवढी वर्षं ज्या गृहस्थांच्या रांगेसमोर बसलो, ते काहीतरी सांगत होते, आणि आपण अर्ध्यात उठून आलो! त्या संध्याकाळी ते जेवताना तीनदा “आणि?” म्हणाले.

“आणि काय? भाजी वाढू?” बायकोने विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोच्या गाडीला मागचं दिसावं म्हणून चिकटवलेला छोटा गोल आरसा उपटून काढला, मेव्हणीच्या स्टीलच्या पट्टीच्या टोकाला बसवला, आणि कोटाच्या बाहीत लपवून वस्तुसंग्रहालय गाठलं. जन्मात पहिल्यांदा तिथल्या रांगेत उभं राहून तिकीट काढलं. दालनात त्यांच्या खुर्चीवर आता एक तरुण पहारेकरीण बसली होती. काकांनी तिला मान लववली, ‘मडकीच आहेत’ अशा चेहऱ्याने थोडं इकडेतिकडे केलं, आणि तिने मान वळवताच कपाटाच्या कडेला गुडघे टेकले. कपाटाच्या बाजूच्या काचेला आरसा लावून बरणीची पाठ दिसते का ते बघायचं होतं. आरशात आधी स्वतःचं नाक दिसलं. मग छत दिसलं. मग दोन काळे चकचकीत बूट दिसले.

“काका, हात लावू नका.”

हातनकाकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर म्हटलं होतं, ऐकलं मात्र कधीच नव्हतं.

“मी हात नाही लावत,” ते गुडघ्यांवरूनच म्हणाले. “आरसा लावतोय.”

पहारेकरणीने त्यांना सरळ संग्रहाच्या प्रमुख बाईंसमोर नेऊन उभं केलं. बाईंनी आधी पट्टीकडे पाहिलं, मग आरशाकडे, मग काकांकडे, आणि चष्मा काढून ठेवला.

“तुम्ही? अहो, तुम्ही असताना इथे माशीसुद्धा बसली नाही भांड्यांवर! आणि आज तुम्हीच?”

काकांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. कप, कोरी बाजू, दातांचा डॉक्टर, ‘आणि’. बाईंनी आधी गंभीर राहायचा प्रयत्न केला. ‘न बोलणारं गिऱ्हाईक’पर्यंत पोचल्यावर त्यांना ते जमेना. डोळे पुसत त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं इथे होतात, एकदा विचारायचं होतं. दाखवलं असतं मी.”

“प्रश्नच पडला नाही कधी,” काका म्हणाले. “समोरच इतकं होतं.”

संग्रहालय बंद असतं त्या दिवशी कपाटं उघडून साफसफाई व्हायची. बाईंनी काकांना तेव्हा बोलावलं. काका एकटे कुठले जातात! बायको आरसा परत घ्यायला म्हणून आली आणि मेव्हणी पट्टी परत घ्यायला. खरं तर दोघींनाही बघायचं होतं. बायको तर नवऱ्याच्या त्या दालनात पहिल्यांदाच पाय ठेवत होती.

मधल्या टेबलावर जाड मऊ कापड अंथरलं होतं. बाईंनी आधी निळ्या फुलांची सुरई आणली आणि हळूच फिरवली. मागेही फुलं होती. पण कारागिराचा अंदाज चुकलेला. शेवटच्या फुलाला जागाच उरली नव्हती, म्हणून त्याने ते भरल्या बसमध्ये घुसणाऱ्या माणसासारखं तिरकं, अर्धंच कोंबलं होतं.

“बघितलंस?” काका मेव्हणीला म्हणाले. “साडेतीन! तुझ्या हिशेबाने चार काढली असती तर?”

मग फिरोजी गडू आला. बाईंनी तो फिरवला, आणि हातनकाका एक पाऊल पुढे सरकले. मागच्या बाजूला दुसरा मासा होता. पहिल्याच्या मागोमाग पोहणारा, तसाच काळ्या रेघांचा, फक्त याचं तोंड हसरं.

“एकटा नव्हता तो,” काका म्हणाले. “मी आपला उगाच त्याला एकटा समजून... त्याच्याशी बोलायचो मी, माहीत आहे?”

“काय बोलायचात?” बायकोने विचारलं.

“असंच. आज गर्दी नाही, वगैरे.”

बायकोने त्यांच्या कोटावरचा नसलेला धागा झटकला.

“खालचीही बाजू बघा,” बाई म्हणाल्या आणि गडू कलता केला. बुडापाशी झिलई नसलेले तीन छोटे डाग होते. गडू झिलईत बुडवताना कारागिराने जिथे बोटांनी धरला, तिथे ती लागलीच नव्हती. शेकडो वर्षांपूर्वीच्या तीन बोटांची जागा. “हात धुऊन आलात ना? मग धरा.”

काकांचे हात पाठीमागे घट्ट बांधलेले होते. त्यांनी ते सोडायचा प्रयत्न केला असेल, पण दिसला नाही.

“अहो, धरा,” बायको हळूच म्हणाली. “नाहीतर मी धरते, आणि माझ्या हातून काय काय पडतं ते तुम्हाला ठाऊक आहे.”

ही मात्रा लागू पडली. हात झटक्यात पुढे आले. गडू तळहातांवर बसला, वाटला होता त्यापेक्षा हलका. काकांनी तीन बोटं त्या तीन डागांवर टेकवली. बोटं मोठी होती, डाग लहान.

“बाईमाणसाचे हात असतील,” मेव्हणी म्हणाली.

“असतील, नसतील,” बाई म्हणाल्या. “सांगायला कोण आहे आता?”

गडू परत कापडावर टेकला तेव्हा कुठे काकांचा, आणि बाईंचाही, जीव भांड्यात पडला.

शेवटी राहिली अक्षरांची बरणी. सगळे पुढे वाकले. काकांच्या ओठांवर ‘आणि’ तयारच होतं. बाईंनी बरणी फिरवली. मागे पांढरंफटक. अक्षर नाही, रेघ नाही, काही नाही.

“प्लास्टर,” बाई म्हणाल्या. “ही अर्धीच सापडली जमिनीत. बाकीची भरून काढली आहे, म्हणून तर ती बाजू भिंतीकडे ठेवतो. पुढे काय लिहिलं होतं, ते आम्हालाही माहीत नाही.”

मेव्हणीला वाटलं, आता भावोजी खचले. पण हातनकाकांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. “म्हणजे,” ते म्हणाले, “माझा कप बरोबर होता!” आणि बायकोकडे वळून पुन्हा, जरा मोठ्याने, “अगं, माझा कप तंतोतंत बरोबर होता!”

मग त्यांनी तिला सगळं दालन फिरवून दाखवलं. ही थाळी जरा गर्विष्ठ आहे, हा वाडगा गरीब स्वभावाचा, ही दोन कपाटाच्या दोन टोकांना आहेत कारण दोघांचं पटत नाही. पहारेकरीणही मागोमाग ऐकत चालली होती. बाहेर पडताना बायको म्हणाली, “आणि मला वाटायचं, तुम्ही दिवसभर नुसते बसता.”

कॉफीच्या दुकानात ही बातमी पोचली तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. दातांचा डॉक्टर तेवढा खूश झाला. “आम्हीही तेच करतो,” तो म्हणाला. “गेलं ते भरून काढायचं आणि ती बाजू आत ठेवायची.” अक्षरांचा कप मागून अजूनही कोराच निघतो आणि ‘आणि’ नंतरची शुभेच्छा ज्याची त्याने ठरवायची असते. आजींचे गुडघे अजून आघाडीवर आहेत. फुलांच्या कपावर मागे साडेतीन फुलं असतात, आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की काका त्याला बसवून सगळी हकीकत सांगतात, त्यामुळे आता कुणी तक्रार करत नाही. माशाच्या कपावर मात्र पुढे एक, मागे एक, असे दोन मासे पोहतात. बुडापाशी तीन बोटांचे डाग असतात, ते झिलईने भरून काढू द्यायला काका तयार नाहीत.

अलीकडे त्यांनी बायकोसाठी म्हणून एक उंच फिरोजी सुरई केली. तिच्यावर मासेच मासे, पुढे, मागे, खाली, चारी बाजूंनी. भट्टीतून सुंदर निघाली, फक्त पाणी भरलं की बुडातून गळते. काकांना वाटलं, आता ही जाणार कचऱ्यात. पण बायकोने ती उचलून आपल्या शाळेच्या कचेरीत नेली आणि दाराशी छत्र्या ठेवायला उभी केली. परवा काका तिथे गेले तर पाच-सहा शिकाऊंच्या ओल्या छत्र्या तिच्यात खोचलेल्या होत्या.

“अगं, गळते ना ती,” काका ओशाळून म्हणाले.

“गळते म्हणून तर ठेवली,” बायको गाडीच्या किल्ल्या शोधत म्हणाली. “छत्र्यांचं पाणी साठत नाही. अशी अजून एक करता येईल का? मागच्या दारालाही हवी आहे.”